मनुबाईची जागा

मनुबाईची आणि माझी ओळख भांडणातून झाली आणि पुढे जे काही झालं तेही भांडतच झालं. मी तेव्हा वॉर्डात स्टाफ नर्स होते. कळव्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली ही म्हातारी दम लागून भरती झाली होती. पाय सुजून टम्म, ओठ निळसर, दोन वाक्यं सलग बोलता येत नव्हती. पण जी अर्धीमुर्धी वाक्यं तोंडातून निघत होती, त्यात तिनं अख्खा वॉर्ड धुऊन काढला. पलंग टोचतो, चहा पांचट आहे, शेजारची बाई उगाच कण्हते. मी ऑक्सिजनचा मास्क लावायला गेले तर तो खाली ओढून म्हणाली, "आगो, तोंडावर झाकन घातलंस तर मी बोलू कशी?"

"बोलू नये म्हणूनच घालतेय."

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, बाजारात मासळी न्याहाळावी तसं. मग स्वतःच्या हातानं मास्क वर सरकवला. आतून आवाज आला, "तिखट हायेस. चालशील."

मी घाटावरची, कऱ्हाडकडची. लग्न होऊन कळव्याला आले. माझं नाव उत्तरा, आणि उत्तराच्या नाकावर राग आहे असं सासरी-माहेरी सगळे म्हणत, ते खरंच आहे. गोड बोलून पेशंटची समजूत काढणं मला कधी जमलं नाही. मनुबाईलाही समजूत काढून घेणं जमत नव्हतं, म्हणून आमचं जमलं.

घरी सोडताना डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. हृदय थकलं आहे, रक्त जोरानं पुढे ढकलत नाही, म्हणून अंगात पाणी साठतं. मीठ बंद. पाणी मोजून. गोळ्या चुकवायच्या नाहीत. ओझं उचलायचं नाही. इथपर्यंत ती माना डोलवत होती. मग डॉक्टर म्हणाले, "आणि बाजारात बसणं आता कायमचं बंद."

"बाजार तुझ्या बापाचा हाय, बंद करायला?" मनुबाई म्हणाली.

डॉक्टर तरुण होते, कानापर्यंत लाल झाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुम्ही त्यांच्या जवळच राहता ना? ड्यूटी संपल्यावर जरा डोकावत जा. घरची देखभाल नीट झाली नाही तर ही बाई पुन्हा इथंच येईल, आणि मला ती इथं नकोय." अशी मी मनुबाईच्या घरी जायला लागले.

कोळीवाड्यात दोन खोल्यांचं कौलारू घर. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिची खाट. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून ती झोपायचीही बसूनच. दोन उशा पुरत नव्हत्या. तेव्हा सुनेनं, मंजुळानं, फाटकी जाळी गुंडाळून तिचा लोड केला, वर गोधडी टाकली आणि सासूच्या पाठीशी लावला. दवाखान्यातल्या पलंगापेक्षा तो सरस होता. पाठीला खाडीचा वास येत होता, पण त्याची तक्रार त्या घरात कोण करणार?

पहिल्या दिवशी मी तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला तर तिथं खड्डा, आणि तो भरायचं नाव घेईना. पाणी किती साठलंय ते आम्ही असं बघतो. मनुबाई वाकून बघत होती.

"मी म्हावरं असंच दाबून बगतंय," ती म्हणाली. "खड्डा भरला तर ताजं, नाय भरला तर शिलं. मंग मी काय, शिली झाले?"

"झालात," मी म्हणाले. "पण अजून टाकून द्यायच्या झाला नाहीत."

आत मंजुळा खुदकन हसली. त्या घरात तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा. दिवा स्टेशनाकडच्या एका गावातली ही मुलगी, अबोल, कामाला वाघ. सासूला लघवीचं भांडं देणं, पाय उशीवर चढवणं, गोळ्या हातावर ठेवणं सगळं तिच्याकडे. पाण्यासाठी मी एक तांब्या ठरवून दिला होता. सकाळी भरायचा, चहा, पेज काय ते त्यातूनच वजा करायचं, आणि संपला की संपला. संध्याकाळी सासू त्या रिकाम्या तांब्यावरून तिची सात पिढ्यांची उजळणी घ्यायची. मंजुळा तांब्या पालथा घालायची आणि कामाला लागायची. आजारपणाआधीसुद्धा बाजारापर्यंत पाटी डोक्यावर नेणारी तीच होती. पाटी उतरवायची आणि मागे फिरायचं, एवढंच तिचं काम. पाटावर बसायची ती सासू. सासूच्या मासळी कापायच्या कोयत्याला, विळीसारख्या त्या पात्याला, हात लावायची कुणाची टाप नव्हती.

आता त्या जागेचं सांगते, कारण सगळा जीव तिच्यात अडकला होता. मासळी बाजारात मनुबाईची जागा दाराजवळची, तिच्या सासूपासून चालत आलेली. त्या बाजारातल्या बायकांचा एक रिवाज होता. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा कुणी आलं नाही तरी चालायचं. पण नारळी पुनव झाली, होड्या पहिल्यांदा परत आल्या, की त्या सकाळी प्रत्येकीनं आपापल्या पाटावर बसायचंच. ज्या पाटावर त्या सकाळी कुणी बसलं नाही, ती जागा सुटली. सुनेला बसवायचं तर सासूनं स्वतः येऊन सगळ्यांसमोर कोयता तिच्या हातात द्यायचा. एकदा दिला की परत मागायचा नाही.

मनुबाईला कोयता कुणाला द्यायचा नव्हता. तिला स्वतः बसायचं होतं. "पुनवेला मी बसनार," हे ती मला, मंजुळाला, खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगायची.

आणि तिच्या मुलाला, नामाला, ती जागा सुटायलाच हवी होती. नामा ठाण्याला एका कंपनीत फिटर. माणूस वाईट नव्हता, आईवर जीव होता. पण डोंबिवलीला ब्लॉक घ्यायचं त्याच्या मनात होतं, आणि तिथल्या शेजाऱ्यांना बायको काय करते हे सांगताना त्याला आत्ताच घाम फुटत होता. "सिस्टर, आईचं झालं ते झालं," तो मला म्हणाला. "माझी बायको पाटी घेऊन नाय बसणार. एवढी पुनव घरात बसून गेली की विषय संपला. तुम्हीच समजवा तिला, तुमचं ऐकते ती."

मला तेव्हा त्याचं पटलं होतं. जागा जाईना का, म्हातारी जगली म्हणजे झालं, असा माझा हिशेब.

पावसाळा लागला आणि मनुबाईच्या पायांची सूज उतरायची सोडून वर चढायला लागली. गोळ्या वाढवल्या तरी अंगठ्याचा खड्डा खोलच. मी मंजुळावर घसरले. "गोळी चुकते. खरं सांग."

"देवाशपथ नाय चुकत."

"मग मीठ जातंय पोटात."

"मिठाची बरणीच माळ्यावर टाकलीय, सिस्टर. आम्ही दोघं पण अळणीच जेवतो. आयना मोह नको व्हायला म्हणून."

ती खोटं बोलत नव्हती. तेवढ्यात चुलीकडून खमंग वास आला. मी आत गेले. निखाऱ्यावर खारा बांगडा भाजत ठेवलेला.

"हे कुणाला?"

"आयना. पावसात ताजं कुठं मिळतंय? तोंडाला चव नाय म्हणतात, मग रोज एक देते."

"अगं, मीठ बंद सांगितलंय ना!"

"मग! वरून एक कण नाय टाकला."

मी कपाळाला हात लावला. मीठ म्हणजे बरणीतलं. खारं म्हणजे म्हावरं, पावसाळ्यासाठी उन्हाळ्यात भरून ठेवलेलं. मिठात मुरवून वाळवलेला बांगडा रोज खाऊ घालूनही या घरात मीठ बंद होतं. मी ओरडले, पार खाडीपलीकडे ऐकू जाईल एवढं ओरडले. मंजुळा रडकुंडीला आली.

खाटेवरून मनुबाई कडाडली, "तिला कनाला बोलतेस? मीच मागतंय. जल्माची खारं खाल्लंय मी. त्यानं आमच्यात कोन मेला नाय."

"तुम्ही मराल," मी म्हणाले. "आणि पुनव तुमच्याशिवाय येईल. बाजार भरेल, दाराजवळचा पाट मोकळा राहील. खा बांगडा, खा!"

तिनं लोडावरून पाठ उचलली.

"खारं सोडलं तर बसू देशील?" तिनं विचारलं.

मी रागाच्या भरात होते. "सोडा तर खरं. मग बघू."

तिनं त्याच दुपारी सुक्या मासळीचं अख्खं मडकं शेजारणीकडे धाडून दिलं आणि मी माझ्याच शब्दात अडकले. त्यानंतर प्रत्येक जेवणाला शिव्या सुरू झाल्या. मंजुळा लसूण, मिरची, चिंच सढळ हातानं घालून अळणी कालवण करायची. मनुबाई पहिला घास घेऊन म्हणायची, "यापरीस दर्याचं पानी बरं. तो तरी खारा असतो." पण ताट पुसून खायची.

पाय उतरू लागले. खड्डा उथळ झाला. ती खाटेवरून दारापर्यंत, दारातून शेजारच्या ओट्यापर्यंत चालू लागली. मग पाट मागवला आणि रोज थोडा वेळ त्यावर बसायचा सराव सुरू केला. बसणं जमत होतं. पण पुढे वाकली, कोयत्यावर काही धरायला गेली, की दम कोंडायचा आणि ती मान वळवून खिडकीकडे बघत बसायची. मी पाहत होते. तिला ठाऊक होतं मी पाहतेय.

पुनव तोंडावर आली तसा नामा माझ्यावर घसरला. "तुम्ही तिला फूस लावताय. उद्या बाजारात तिला काय झालं तर?"

मला त्याच्याशी भांडायचं नव्हतं, पण इतके दिवस त्या घरात जाऊन माझ्या मनातलं काहीतरी पालटलं होतं. या बाईनं जिभेवरची चव सोडली होती, तहान सोडली होती. तिला जगवायचं ते कशासाठी, खिडकीतून बघत बसण्यासाठी? "झालं तर मी असेन तिथं," मी म्हणाले. "त्या दिवशी मी रजा टाकलीय."

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी परवानगी देणार नाही."

"मी मागत नाहीये. सांगतेय."

त्यांनी पेन मिटून खिशात लावलं. मग म्हणाले, "लघवीची गोळी परत आल्यावर द्या. बाजारात पंचाईत होईल. आणि अर्ध्या तासात घरी."

होड्या परतल्या त्या सकाळी मनुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यात फुलं माळून तयार होती. एवढं करतानाच तिला धाप लागली होती. बाजारातल्या सगळ्यांत जुन्या कोळणीनं, गोदूबाईनं, बर्फाची हातगाडी दारात आणून लावली होती. गाडी ओढायला बाजारातल्याच बायका, कासोटे खोचून. मंजुळानं गाडीवर पोतं अंथरलं, जाळ्याचा लोड ठेवला. आणि दारात नामा उभा राहिला, कंपनीचे कपडे घालून, दोन्ही हात चौकटीला लावून.

"आई, नाय जायचं. मरशील."

"मरन यायचं तर घरी बी येल," मनुबाई म्हणाली. "त्याला पत्ता ठावूक हाय. बाजूला हो."

"लोक हसतील गं."

"हसू दे. म्हावरं इकून तुझी फी भरली, तवा कोन हसला नाय. या दारातनं पाटी गेली म्हनून या दारातनं तू शालेत गेलास. हो बाजूला."

नामाचे हात खाली आले. आम्ही तिला गाडीवर बसवलं. कोळीवाड्यातून ती वरात निघाली. मनुबाई लोडाला टेकून, दोन्ही बाजूंच्या लोकांना नावानं हाका मारत, मधूनच बायकांना खड्डे चुकवत नाहीत म्हणून झापत चाललेली. मी गाडीला धरून तिचा चेहरा बघत होते. मागं वळून पाहिलं तर नामा येत होता, अंतर ठेवून, आपला काही संबंध नसल्यासारखा. चढ आला, गाडी अडली, तेव्हा मात्र त्यानं येऊन मागून जोर लावला. चढ संपल्यावर पुन्हा मागं राहिला.

बाजारात पाट मांडला होता. मनुबाई बसली. पुढ्यात कोयता, पाटीत ताजी बोय मासळी. आजूबाजूच्या बायका आपापला धंदा सोडून बघत होत्या. तिचं एक जुनं गिऱ्हाईक, चष्म्याचे जोशीकाका, मुद्दाम आले होते. "मनुबाई, किती दिवसांनी!" म्हणाले. तिनं भाव सांगितला, त्यांनी घासाघीस केली, तिनं त्यांची अक्कल काढली, सगळं पूर्वीसारखं. मग तिनं एक बोय उचलली आणि कापायला पुढे वाकली.

हात थांबला. खांदे वर-खाली व्हायला लागले. मी पुढे झाले तर तिनं नजरेनंच मला जागच्या जागी थांबवलं. सावकाश पाठ सरळ केली. बोय पाटीत परत ठेवली.

"मंजुळा," तिनं हाक मारली.

"पानी देऊ, आय?"

"पानी नको. ये, बस."

ती माझा हात धरून पाटावरून उठली. कोयता उचलला आणि सुनेपुढे धरला. मंजुळानं सासूकडे नाही, दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघितलं. नामानं मान हलवली, नको म्हणून.

"त्याला काय इचारतेस?" मनुबाई म्हणाली. "तो कंपनीत जाताना तुला इचारतो?"

गोदूबाई पुढे आली. रिवाजाप्रमाणे विचारायला हवं होतं ते तिनं विचारलं, "मनू, परत मागशील?"

एवढे महिने ती अळणी घास गिळत आली होती ते याच पाटावर स्वतः बसण्यासाठी. मला माहीत होतं, गोदूबाईला माहीत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला.

"नाय मागत," मनुबाई म्हणाली.

मंजुळानं कोयता घेतला. नवऱ्याकडे पाठ केली आणि पाटावर बसली. नामा गेला नाही. दारातच उभा राहिला, खाली बघत. मंजुळानं जोशीकाकांची बोय कापून दिली, जरा वेडीवाकडी, पण दिली. मनुबाई माझ्या खांद्यावर भार टाकून गिऱ्हाइकांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. पाटीतली एक बोय अंगठ्यानं दाबून बघितली.

"काय भाव?"

मंजुळानं सांगितला.

"लुटतेस का गो? अर्ध्यात दे."

मंजुळानं मान वर केली. या बाईचा तांब्या रोज पालथा घालणारी ती, आवाज न चढवता म्हणाली, "परवडत नाय, आय. घ्यायची तर घ्या, नायतर पुढं व्हा."

सगळा बाजार हसला. सगळ्यांत मोठ्यांदा हसली ती मनुबाई, इतकी की पुन्हा धाप लागली आणि मी तिला रागावून गाडीवर चढवलं. परतीच्या वाटेवर गाडी एकटा नामा ढकलत होता.

पुढचा सगळा हिवाळा तिचं एकच काम होतं. दुपारी मंजुळा बाजारातून आली की कोण आलं, काय घेतलं, कितीला दिलं, सगळं ऐकायचं आणि पोरीनं स्वस्त दिलं म्हणून तिला सोलून काढायचं. सकाळची देखभाल आता नामाकडे आली. तो दुपारपाळी मागून घेऊन सकाळी आईचं भांडं, गोळ्या, तांब्या बघायचा. कुरकुरत करायचा, पण करायचा. डोंबिवलीचा ब्लॉक त्यांनी पुढे घेतला, दोघांच्या कमाईतून. मंजुळा आजही तिथून कळव्याच्या बाजारात येते आणि शेजारी विचारतात तेव्हा काय करते ते स्वतःच सांगते.

शिमग्याच्या सुमारास मनुबाईचे पाय पुन्हा भरले. या वेळी खारं नव्हतं, गोळीही चुकली नव्हती. हृदयच थकत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, भरती करा. तिनं दोन्ही हातांनी खाट धरून ठेवली. "इथंच," म्हणाली. मी आणि नामानं एकमेकांकडे बघितलं. या वेळी तो दारात आडवा उभा राहिला तो दवाखान्यातून आईला न्यायला आलेल्यांना अडवायला.

शेवटच्या दुपारी मी गेले तेव्हा मंजुळा नुकतीच बाजारातून येऊन पाटी उतरवत होती. मनुबाई जाळ्याच्या लोडाला टेकून होती. बोलणं पुन्हा अर्ध्या वाक्यांवर आलं होतं. मला बघून तिनं गोधडीतून पाय बाहेर काढला.

"दाब."

मी अंगठा दाबून उचलला. खड्डा तसाच राहिला. आम्ही तिघी बघत होतो आणि तो भरत नव्हता.

"काय?" ती म्हणाली. "खरं बोल."

तिच्याशी मी कधी गोड बोलले नव्हते. "शिळ्या झालात, मनुबाई."

ती हसली, पुरती धाप लागेपर्यंत हसली. मग मान वळवून तिनं सुनेला जवळ बोलावलं.

"ऐकलंस, मंजुळा? शिली झाले," ती म्हणाली. "पन भाव उतरवू नको."